बोलायला शिकवणारी सेलिन

माणिकपूरला रिक्षा स्टँडसमोर, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर सेलिन तुस्कानोचं क्लिनिक होतं. ज्यांना बोलता येत नाही अशी माणसं तिथं यायची. तीन वर्षांची होऊनही ‘आई’ न म्हणणारी मुलं यायची, स्वतःचं नाव सांगताना अडखळून घामाघूम होणारे कॉलेजातले पोरगे यायचे, आणि पॅरालिसिसचा झटका येऊन वाचा गेलेली म्हातारी माणसं यायची. सेलिन स्पीच थेरपिस्ट होती. सांडोरची मुलगी, बोलकी, हसरी, आणि आपल्या कामावर भलतीच खूश.

जूचंद्रचे हरेश्वर भोईर तिच्याकडे आले तेव्हा त्यांची वाचा जाऊन चार महिने झाले होते. उभं आयुष्य मिठागरात राबलेला माणूस. आधी जिथं उपचार चालू होते तिथं त्यांना पेल्याचं चित्र दाखवून ‘पाणी’ म्हणायला लावायचे. ते नुसते बघत बसायचे.

सेलिननं त्यांच्या बायकोला विचारलं, “मावशी, घरी पाण्याला काय म्हणायचे हे?”

“पानी. आमी सगली पानीच बोलतो.”

“मग तेच म्हणू दे ना त्यांना.”

पुढच्या काही दिवसांत ‘पानी’ आलं. त्याच्या मागोमाग एक सणसणीत शिवीही आली. मावशींनी लाजून तोंडाला पदर लावला. सेलिन मात्र टाळ्या वाजवायला लागली. “येऊ द्या मावशी! शिव्या आल्या ना, म्हणजे बाकीचंही वाटेवर आहे.”

अशी ती होती. तिचं जे हातखंड्याचं काम होतं ते असं माणसाच्या घरात, त्याच्या बोलीत शिरून करायचं होतं. हे तिला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. पण त्याचा पुढे कधी अडसर होईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

कॅनडाचं खूळ आधी ज्युडच्या डोक्यात आलं. ज्युड तिचा नवरा, एका सहकारी बँकेत अधिकारी. त्याच्या ओळखीतली दोन-चार घरं गेली होती. त्यानं चौकशी केली तर त्याच्या एकट्याच्या पात्रतेवर जमण्यासारखं नव्हतं. सेलिनच्या मात्र जमत होतं. त्या देशाला हव्या असलेल्या कामांच्या यादीत स्पीच थेरपिस्टचं काम होतं. मग अर्ज तिच्या नावानं झाला, आणि ज्युड व सात वर्षांची रिबेका तिच्याबरोबर जाणारी माणसं झाली.

“तुझ्या जिवावर चाललोय आम्ही,” ज्युड हसून म्हणायचा. तिलाही त्याचा अभिमान वाटायचा.

माणिकपूरचा फ्लॅट विकला. क्लिनिक तिच्याच हाताखाली शिकलेल्या अनुष्का राऊतनं घेतलं. सांडोरला निरोपाची प्रार्थना झाली, त्या दिवशी तिचे वडील फ्रेडरिक येईल त्याला सांगत होते, “पोरीला तिथल्या सरकारनं बोलावलंय. तिच्या शिक्षणासाठी बोलावलंय.” फ्रेडरिक केळी आणि भाजीपाल्याच्या वाडीवर आयुष्य काढलेले. पोरीला शिकवायला म्हणून त्यांनी वाडीचा एक तुकडा विकला होता, पण त्याचा उल्लेख त्यांनी कधी केला नाही.

टोरांटोजवळच्या एका शहरात, दुसऱ्याच्या घराच्या तळघरात त्यांचा संसार सुरू झाला. देशात राहायला आणि काम करायला परवानगी होती. स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करायला मात्र वेगळा परवाना लागत होता, आणि तो देणारी संस्था वेगळी होती. ज्यांनी बोलावलं त्यांचा या संस्थेशी काही संबंध नव्हता. सेलिननं पदवी तपासून घेतली, इंग्रजीची परीक्षा दिली, विषयाची परीक्षा दिली. सगळ्यांत पास झाली. मग राहिलं एकच, तिथल्या परवानाधारक माणसाच्या देखरेखीखाली काही महिने काम. ते काम तिला कुणी देईना. जिथं जाईल तिथं विचारायचे, “इथला अनुभव आहे का?”

एका मुलांच्या केंद्रात मुलाखतीपर्यंत मजल गेली. समोरची बाई फार गोड होती. तिनं सेलिनला काही शब्द वाचायला दिले. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “तुमचा अभ्यास उत्तम आहे. पण ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम आणि ‘वेस्ट’ म्हणजे जाकीट, हे दोन्ही तुम्ही सारखंच म्हणता. आमची मुलं तुमचं ऐकून शिकणार. त्यांचे आईबाप काय म्हणतील?”

घरी आल्यावर ती न्हाणीघराच्या आरशासमोर उभी राहून खालचा ओठ दातांखाली धरत, सोडत, ते दोन शब्द घोकत बसली. रिबेका दारात येऊन बघत होती. “मम्मी, असं नाही, असं,” म्हणून तिनं एका दमात दोन्ही म्हणून दाखवले. सेलिन हसली, दार लावलं, आणि नळ सोडून रडली.

पैसे संपत आले तसा ज्युड गोदामात रात्रपाळीला लागला, आणि सेलिन एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात. ताटं लावायची, ढकलगाडीवरून नेऊन द्यायची, उष्टी गोळा करायची. तिनं ज्युडला सांगितलं, “थोडे दिवस.” थोड्या दिवसांचं दीड वर्ष झालं.

तिथं आंतोनियो नावाचे एक पोर्तुगीज आजोबा होते. झटक्यानंतर त्यांचं इंग्रजी पुसून गेलं होतं. रोज जेवणाच्या वेळी ते टेबलावर हात आपटून एकच आवाज काढायचे. कुणाला कळेना. नर्स म्हणायची, चिडलेत. सेलिननं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती ताट हातात घेऊन जागीच थबकली. म्हातारा पाव मागत होता. उच्चार वेगळा, नाकातला; पण शब्द तिच्या घरचा होता.

पाव त्यांना देता येत नव्हता, घशात अडकला असता. ते सेलिनला नर्सपेक्षा जास्त नेमकं ठाऊक होतं. पण मागतोय काय ते तिनं नर्सला सांगितलं. आणि मग तिला राहवेना. जेवणाच्या सुट्टीत ती त्यांच्याजवळ जाऊन बसायला लागली. मेज, चावी, बटाटा अशा ज्या पोर्तुगीज शब्दांचं मराठी रूप तिच्या तोंडात होतं, त्या वस्तू पुढे धरून ती त्यांच्याकडून म्हणवून घ्यायची. महिनाभरात आंतोनियो आपल्या मुलीचं नाव घेऊ लागले. सेलिन घरी येऊन ज्युडला जेवताना सगळं सांगायची. कित्येक महिन्यांनी ती अशी भरभरून बोलत होती.

घात झाला तो आंतोनियोंच्या मुलीच्या कौतुकानं. तिनं आश्रमाच्या व्यवस्थापकांना आभाराचा मेल पाठवला. ‘तुमच्या स्पीच थेरपिस्ट सेलिन यांनी माझे वडील मला परत दिले.’

व्यवस्थापकांनी तिला बोलावलं. दार लावून घेतलं.

“तुम्ही स्वतःला थेरपिस्ट म्हणवता?”

“मी काही म्हणाले नाही. मी नुसती त्यांच्याशी बोलत होते.”

“तुमचा हेतू चांगला असेल, सेलिन. पण परवान्याशिवाय उपचार करणं गुन्हा आहे. मला हे परवाना देणाऱ्या संस्थेला कळवावंच लागेल.”

नोकरी त्याच दिवशी गेली. परवान्याचा अर्ज जिथं पडून होता त्याच संस्थेत तिच्याविरुद्ध चौकशी उघडली, आणि ती संपेपर्यंत अर्ज स्थगित झाला. ज्युड त्या संध्याकाळी पहिल्यांदा ओरडला. “कुणी सांगितलं होतं तुला? ताटं उचलायची सोडून कुणी सांगितलं होतं?” मग स्वतःच कपाळाला हात लावून खाली बसला. गोदामात ओझी उचलून त्याच्या कमरेचे मणके दुखावले होते, त्याला नीट बसताही येत नव्हतं.

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, त्या निमित्तानं सेलिन एकटीच वसईला आली. सांडोरच्या घरी रोज कुणी ना कुणी भेटायला यायचं. फ्रेडरिक खुर्च्या मांडून ठेवायचे. “आमची सेलिन, तिथं मोठ्या हॉस्पिटलात आहे,” असं ते सांगायचे, आणि सेलिन मान हलवायची. एकदा चर्चमधून आल्यावर एका चुलतभावानं विचारलं, “मुलगी नर्सिंग करतेय. पाठवू का तिकडे?”  सेलिन पाणी आणायला म्हणून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

आई, फ्लॉसी, डोळ्यावर पट्टी बांधून पलंगावर होती. ती हळूच म्हणाली, “बाय, मला दिसत नाही, पण ऐकू येतं. तुझा आवाज बारीक झालाय. काय झालंय?”

“काही नाही गं.”

“डॅडींना सांग. मला नको सांगू, मी रडेन आणि पट्टी ओली होईल.”

डॅडी वाडीत केळीची वाळलेली पानं काढत होते. सेलिननं त्यांच्यामागून चालत सगळं सांगितलं, तळघर, ताटं, आंतोनियो, चौकशी. फ्रेडरिक कोयता चालवत राहिले. ती थांबली तेव्हा ते थांबले.

“पण त्यांनी बोलावलं होतं तुला. तू आपणहून नव्हती गेलीस.”

“राहायला बोलावलं, डॅडी. कामाला नाही बोलावलं.”

“मग परत या सगळी. घर आहे, वाडी आहे.”

“ज्युडला चाळिशीनंतर कोणती बँक घेणार? फ्लॅट गेला, क्लिनिक गेलं. आणि रिबेकाला आता मराठी नीट येत नाही. विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. तिला कितीदा उपटून लावायचं?”

 फ्रेडरिकनी वाळल्या पानांचा भारा बांधला आणि तो उचलायला वाकले, पण उचलला नाही. तसेच वाकून, गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले. सेलिनला वाटलं त्यांना चक्कर आली. ती धावली. ते रडत होते.

दुसऱ्या दिवशी ती माणिकपूरला गेली. परवान्यासाठी अलीकडच्या कामाचे तास दाखवावे लागायचे, आणि तिचे जुने तास मुदतीबाहेर जात होते. निदान ते इथं भरून काढावेत असं तिच्या मनात होतं. पाटीवर आता अनुष्काचं नाव होतं. अनुष्का तिला बघून खुर्चीवरून उठली.

“मॅडम, तुम्ही बसा ना इथं!”

“नको. मी तुझ्या हाताखाली काम करीन. पगार नको. नुसतं सही करून दे, मी काम केलंय म्हणून.”

 अनुष्कानं पाण्याचा ग्लास पुढे केला आणि होकारार्थी मान हलवली.

सहा आठवडे सेलिन रोज आली. सुरुवातीला तिचा हात बसेना. ती मुलांशी बोलताना मध्येच थांबायची, आपलाच उच्चार तपासायची. एक मुलगा तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला आणि आईकडे पळाला. येणारी कुटुंबं बदलली होती, विरारच्या एका टॉवरमधल्या आईनं तिला सांगितलं, “याला डायरेक्ट इंग्लिशमध्येच बोलायला शिकवा, स्कूलमध्ये प्रॉब्लेम नको.” सेलिन म्हणाली, “आधी तुमच्याशी बोलू दे त्याला.” आई नाराज झाली. पण तिसऱ्या आठवड्यापासून सेलिनचा आवाज मोकळा झाला. अनुष्का अवघड पेशंट तिच्याकडे सरकवायला लागली. संध्याकाळी सांडोरला जाताना ती रिक्षात गुणगुणायची.

मग ज्युडचा फोन आला. संस्थेचा मेल त्यानं वाचून दाखवला. चौकशी ताकीद देऊन संपली होती. अर्ज पुन्हा उघडणार होता. पण चौकशी झालेल्या अर्जदाराचे सगळे तास तिथल्याच परवानाधारकाच्या देखरेखीखाली झालेले हवेत. बाहेरचे धरणार नाहीत.

“म्हणजे माणिकपूरचे?”

“नाही धरणार, सेलिन.”

 तिकडून रिबेकाचा कार्टून बघतानाचा हसण्याचा आवाज येत होता.

“इथं एक कोर्स आहे,” ज्युड म्हणाला. “म्हाताऱ्यांची काळजी घ्यायचा. आंघोळ घालायची, भरवायचं, डायपर बदलायचे. काही महिन्यांचा आहे. नोकरी नक्की मिळते, म्हणे माणसंच मिळत नाहीत. माझी कंबर किती दिवस टिकेल सांगता येत नाही.”

“त्यांच्याशी बोलायचं असतं का?” सेलिननं विचारलं.

“काय?”

“काही नाही. घाल माझं नाव.”

निघायच्या आदल्या दिवशी तिनं सांडोरच्या माळ्यावरून पत्र्याची एक पेटी खाली उतरवली. परत आले तर लागेल म्हणून ठेवलेलं क्लिनिकातलं सामान त्यात होतं, छोटे आरसे, पिसं, फुगे, चित्रांची कार्डं. ती पेटी रिक्षानं माणिकपूरला नेऊन तिनं अनुष्काच्या टेबलावर ठेवली.

“मॅडम, हे मी नाही घेणार. तुम्ही याल परत.”

“पिसं जुनी झालीत, ती नवी आण. आरसे चांगले आहेत.”

अनुष्का जिन्यापर्यंत आली. वर आत एक बाई मुलाला घेऊन थांबली होती. “जा तू,” सेलिन म्हणाली, “तो कंटाळेल.” आणि खाली उतरून तिनं सांडोरची रिक्षा धरली. घरी फ्रेडरिकनी तिच्या बॅगेत केळ्याचे वेफर्स भरून ठेवले होते. त्या संध्याकाळी भेटायला आलेल्या शेजाऱ्यांना ते पहिल्यांदाच काही सांगत नव्हते.  कुणीतरी विचारलं, सेलिन तिकडे काय करते. त्यांनी लेकीकडे बघितलं.

“म्हाताऱ्या माणसांचं बघते,” सेलिन म्हणाली.