मोटारीसाठी हजार डोकी

स्वातंत्र्यानंतरची पहिली शिरगणती झाली तेव्हा मी पांझरेकाठच्या एका लहान गावी मास्तर होतो. घर माझं धुळ्याच्या देवपुरात. शनिवारी शाळा सुटली की चालत घरी जायचो आणि सोमवारी पहाटे निघून शाळेच्या वेळेला परत यायचो. गावाला रस्ता नव्हता. बैलगाडीची चाकोरी होती, ती एका नाल्यात उतरायची आणि पावसाळ्यात तिथंच संपायची.

गणतीचं काम अर्थातच मास्तरकडे आलं. त्याच सुमाराला, कुठून कोण जाणे, बातमी पसरली की ज्या गावात हजार डोकी भरतील तिथं सरकार मोटार सुरू करणार. आमचं गाव बरंच कमी पडत होतं. पोलीस पाटलांना सगळे आबा म्हणत. ते शाळेत आले आणि म्हणाले, सासरी गेलेल्या पोरींची नावं घाला. मी सांगितलं, "आबा, जी जिथं नांदते तिथं तिची गणती होते."

आबा तसेच निघून गेले. चार दिवसांनी मी कागद घेऊन निघालो, तर घरोघरी माहेरवाशिणी. आबांनी गाड्या पाठवून त्यांना आणवलं होतं.

"आते लिखा," आबा म्हणाले, "बठ्ठ्या पोरी आठेच शेतीस." सगळ्या पोरी इथंच आहेत, हे तर दिसतच होतं.

मी प्रत्येकीला एकच विचारलं, परत कधी जाणार? कुणी म्हणाली सोमवारी, कुणी म्हणाली होळी झाल्यावर. एकीचंही नाव घालता आलं नाही.

शेवटी आबांचं घर राहिलं. त्यांची धाकटी मुलगी दाराशी उभी होती. तिच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. तिलाही तेच विचारलं.

"माले आते तठे जानं नई," ती म्हणाली. "मना नाव आठेच लिखा."

आबा हसले. त्यांना वाटलं, पोरगी आपलीच बाजू घेतेय. मग तिनं पदर सारून दंड दाखवला. वळ जुनेही होते आणि नवेही. आबा ओसरीवर खाली बसले. मी टाक दौतीत बुडवून थांबलो होतो.

"लिखा, मास्तर," शेवटी तेच म्हणाले.

नातं, मुलगी. विवाहित. मी लिहिलं.

हजार काही भरले नाहीत. तालुक्याच्या कचेरीत आबांना कळलं की मोटारीचा आणि डोक्यांचा संबंधच नाही, मोटारीला आधी रस्ता लागतो. मग दोन उन्हाळे गावानं मुरूम टाकला, नाल्यात दगडी फरशी घातली. आबांची मुलगी बायकांबरोबर घमेली वाहायची आणि संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर माझ्याकडे शिकायला बसायची. लग्नाआधी तिची चौथी झाली होती. सासरहून दोनदा माणसं न्यायला आली. दुसऱ्या खेपेला आबांनी त्यांना पाणीही विचारलं नाही.

रस्ता झाल्यावर वर्षभरानं मोटार आली, दिवसाला एक फेरी. त्याच मोटारीनं ती सातवीच्या फायनलच्या परीक्षेला धुळ्याला गेली. पहिल्या वर्षी गणितात नापास झाली, दुसऱ्या वर्षी सुटली. शिंदखेड्याकडच्या एका गावात तिला मास्तरीण म्हणून शाळा मिळाली.

आबा तिला पोचवायला गेले. तोवर ते मोटारीत कधी बसले नव्हते. जाताना वाटभर ओकत होते, हे तिनंच मला नंतर सांगितलं. त्यांनी शाळा पाहिली, राहायची खोली पाहिली, शेजारच्या म्हातारीला पोरीकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि निघाले. ती त्यांना मोटारीत बसवायला आली तर म्हणाले, "मी पायी जास."

तिसऱ्या दिवशी ते गावात पोचले. पाय सुजले होते. मी विचारलं, "कशी आहे शाळा?"

"खिडक्या मोठ्या शेतीस," आबा म्हणाले आणि आत जाऊन आडवे झाले.