मिटलेल्या डोळ्यांचा फोटो

शाहिरांच्या स्मृतिवर्षासाठी जी समिती नेमली होती, तिच्यातल्या एकाने तरी त्यांचं एक गाणं शेवटपर्यंत ऐकलं असेल, असं मला आजही वाटत नाही. शाहीर वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरकडच्या खेड्यातले. आयुष्यभर वस्त्यावस्त्यांत प्रबोधनाची गाणी गात फिरले, म्हातारपणी दिल्लीत राष्ट्रीय सन्मान मिळाला, आणि वारल्यावर जवळच्याच मालेगावच्या मान्यवरांना एकाएकी त्यांचा अभिमान वाटू लागला. वाशीमला माझं डिझाइनचं दुकान आहे. बोधचिन्ह, बॅनर, पत्रिका, सगळीकडे शाहिरांची एकच ओळख दिसावी, असं काम माझ्याकडे आलं.

फोटोसाठी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या म्हाताऱ्या बायकोनं पेटीतून एकुलता एक फोटो काढला. एक हात कानावर, तोंड उघडं, डोळे गच्च मिटलेले.

"आताचे पोट्टे त्याइले वळखत नाइत, बाबू," आजी म्हणाल्या. "एक तं फोटो खरा लागू दे गावात. डोये मिटेलच राहू देजा. ते तसेच गात."

कानावरचा तो हात मी चार निळ्या रेषांत उतरवला. तेच बोधचिन्ह; बॅनरवर मात्र फोटो होता तसाच. इतकं साधं काही मला पूर्वी कधी सुचलं नव्हतं, आणि मी भलताच खूश होतो.

समितीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त प्राचार्य. यांच्या वाढदिवसाचे बॅनर वाढदिवस उलटून गेल्यावरही चौकात फडफडत असतात. त्यांनी माझं काम हातभर लांब धरून पाहिलं.

"मेल्यावानी दिसून राह्यला हा मानूस. याचे डोये उघडा. तोंड बंद करा. आन् कोट घाला."

आमच्या धंद्यात कोट तयार मिळतो. कॉम्प्युटरमध्ये धड असतं, त्यावर मुंडकं बसवायचं. जिल्ह्यातले निम्मे पुढारी त्या एकाच कोटात उभे आहेत.

"उघडे डोळे आणू कुठून?" मी विचारलं.

"माये घ्या ना! चांगले टपोरे हायेत."

सगळे हसले. मीही हसलो. या माणसाला विनोद करता येत नाही, हे मी विसरलो. मग मी सरळ सांगितलं, डोळे उघडले तर हे शाहीर राहणार नाहीत. "तुमी कलाकार लोकं लय भाव खाता," असं म्हणून त्यांनी काम माझ्या नमुन्यासकट दुसऱ्या फ्लेक्सवाल्याला दिलं. मूळ फोटो तेवढा माझ्याकडे राहिला.

कार्यक्रमाला मी गेलो तो केवळ फोटो परत करायला. स्टेजमागे भिंतीएवढा बॅनर. वरच्या ओळीत समितीची तोंडं, मध्ये शाहीर, कोटात. कानावरचा हात कापून टाकलेला. ओठ मिटलेले. आणि वर दोन टपोरे डोळे, आता कोणीतरी हार घालणार अशा खात्रीनं समोर बघणारे. मला किळस आली.

पांढऱ्या लुगड्यातल्या आजींना हार घालायला वर बोलावलं. हार हातात घेऊन त्या बॅनरसमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"घाला, आजी, घाला," अध्यक्ष माइकवरून म्हणाले.

आजींनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. पुन्हा बॅनरकडे पाहिलं.

"हे डोये तं तुमचे होत, साहेब."

मंडपात कोणीतरी फिसकन हसलं. आजी हसल्या नाहीत. "डोये तुमचे, तं हार बी तुमालेच," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी मेलेल्या माणसाच्या फोटोसाठी आणलेला तो हार उचलला. अध्यक्षांचा सारा जन्म हार घेण्यात गेलेला. त्यांनी सवयीनं मान वाकवली. फोटोग्राफरनं फोटोही काढला.

आजी पायऱ्या उतरून थेट माझ्यापाशी आल्या आणि हात पुढे केला.

"माया मानूस वापस दे, बाबू."

मी पिशवीतून फोटो काढून त्यांच्या हातात दिला.