गोपिकाबाईंच्या विहिरीचं सरकारी उत्तर

गोपिकाबाई भोयरांच्या फाटकातून आजवर कोणी तहानलेलं परत गेलं नव्हतं. हे मी कौतुकानं म्हणत नाही, संतापानं म्हणतो. कारण त्यांच्या ह्याच सवयीचा सरकारनं असा काही फायदा उचलला, की आठवलं तरी अजून माझं डोकं फिरतं.

मी त्यांचा शेजारी. नागपूरचं बेसा म्हणजे आता चकाचक वस्ती; जिम काय, केकची दुकानं काय, आणि जिकडेतिकडे फ्लॅट स्कीम. पण आम्ही इथं प्लॉट घेतला तेव्हा चारी बाजूंनी तुरी उभ्या होत्या आणि पाण्याच्या नावानं बोंब होती. आमचं ले-आउट पडलं ते गोपिकाबाईंच्या सासऱ्यांच्या शेतावर. सगळी जमीन तुकड्या-तुकड्यानं विकली गेली, विहिरीचा कोपरा तेवढा राहिला. तोही मागायला बिल्डर हात धुऊन मागे लागला होता. त्यांचे यजमान वामनराव तेव्हा हयात होते आणि माणूस भिडस्त. ते "बघू, बघू" करायला लागले तशी बाई आतून कडाडली, "विहीर विकान त मी माहेरी जातो. तिथं तरी पानी हाय!"

विहीर राहिली. आमच्या घराचा स्लॅब त्याच पाण्यानं भिजवला. गवंडी, पोस्टमन, मीटर बघायला येणारा, चुकून भलत्याचाच पत्ता विचारत आलेला माणूस, सगळ्यांना एकच कायदा: आधी ओट्यावर बसा, पाणी प्या, मग बोला. मे संपताना नवतपा लागतो, नागपूरचं ऊन माणसाला भाजून काढतं, त्या दिवसांत तर बाई जाणाऱ्याच्या खिशात कांदासुद्धा टाकायच्या, ऊन लागू नये म्हणून. माझ्या कितीतरी शर्टांना त्या कांद्यांचा वास लागला आहे.

मग विहिरीच्या मागे एक उंच फ्लॅट स्कीम उभी राहिली. इतक्या संडास-बाथरूमचं पाणी जाणार कुठं, हे परवानगी देणाऱ्या एकाही शहाण्यानं विचारलं नाही. एक मोठा खड्डा खणला, वर झाकण टाकलं, झालं. पुढच्या पावसाळ्यानंतर विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. पाला कुजला असेल म्हणून बाईंनी गाळ काढून घेतला. वास गेला नाही, कमी मात्र झाला, आणि तेच नडलं. त्यांची नात खुशी, सातवीतली, शाळेतून आली की आजीच्या हातून तांब्याभर पाणी घटाघटा प्यायची. तिला कावीळ झाली. डोळे पिवळेजर्द, अन्न पोटात ठरेना. पोरगी वाचली, पण शाळेचं वर्ष गेलं आणि अंगात जीव राहिला नाही.

"माह्याच हातानं पाजलं गा भाऊ," एवढंच बाई म्हणत राहिल्या. त्याच आठवड्यात त्यांनी रहाटाचा दोर काढून ठेवला. तेव्हापासून त्या पाण्याचा जार विकत आणतात आणि माठात ओततात, कारण नळाची लाइन आमच्या ले-आउटात अजून आलेली नाही. लोकांना पाणी पाजणं मात्र थांबलं नाही. त्यांना एकच हवं होतं: विहिरीत घाण उतरते आहे हे सरकारनं कबूल करावं आणि ती थांबवावी.

म्हणून मीच त्यांना आमदार ताराचंदजींकडे घेऊन गेलो. सभागृहात प्रश्न विचारण्यात ह्या गृहस्थाचा हात कोणी धरणार नाही. तुरीच्या आयातीबद्दल राज्यानं केंद्राकडे पाठपुरावा केला काय, लकडगंजात ट्रक कुठं उभे करावेत, जुन्या महाल भागातल्या गल्लीत अग्निशमनची गाडी शिरणार कशी, सगळं ते विचारतात. प्रश्न विचारला की तासाभरात व्हॉट्सअॅपवर त्यांचा हात जोडलेला फोटो येतो, खाली मोठ्या अक्षरांत "सरकारला धारेवर धरले". उत्तर काय आलं ते मात्र कधी कुठल्या ग्रुपवर येत नाही. आमचाही प्रश्न त्यांनी मुंबईच्या पावसाळी अधिवेशनासाठी लगेच टाकला: बेसा परिसरातील विहिरीत सांडपाणी झिरपून नागरिकांना कावीळ होत आहे, हे खरे आहे काय?

प्रश्न गेला की खातं खालच्या ऑफिसाला विचारतं, खालचं ऑफिस त्याच्या खालच्याला, आणि शेवटी उन्हात एक माणूस निघतो. तो माणूस म्हणजे चंद्रभान. ऐन नवतप्यात, भर दुपारी, तोंडाला दुपट्टा गुंडाळून तो स्कूटरवरून आला आणि ओट्यावर मटकन बसला. गोपिकाबाईंनी कायद्याप्रमाणे माठातलं पाणी दिलं. तो प्याला, परत मागून प्याला. मग पिशवीतून एक रिकामी बाटली काढून म्हणाला, "काकू, एवढी भरून द्या न."

तुम्ही काय केलं असतं? उन्हानं काळवंडलेला माणूस दारात बाटली पुढं करतो, तेव्हा त्याला गटाराचं पाणी भरून द्यायचं कोणाला सुचेल? बाईंनी बाटली विसळली, माठातलं गार पाणी काठोकाठ भरलं आणि वर खिशात कांदा टाकला. चंद्रभाननं बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि निघून गेला. घरामागे विहीर होती, तिकडे तो वळलासुद्धा नाही.

जुलैत उत्तर आलं. मी ते बाईंना वाचून दाखवलं. "हे खरे नाही. श्रीमती गोपिका वामनराव भोयर यांच्या विहिरीतील पाण्याचा नमुना तपासला असता पिण्यास योग्य आढळून आला आहे. सबब, पुढील प्रश्न उद्भवत नाही."

"माह्या विहिरीतला?" बाई म्हणाल्या. "त्यानं त विहीर पायलीबी नाही. दोर त मी काढून ठेवला हाय." मग त्यांची नजर माठाकडे गेली आणि त्या खालीच बसल्या. "भाऊ, थे बाटली तपासाची होती काय गा? मले वाटलं, रस्त्यानं पेईन. म्हंजे खोटं मीच बोलली काय?"

तेव्हा माझं माथं भडकलं. खोटं तुम्ही कसं बोललात? विहिरीपर्यंत चालायचा कंटाळा करणारा कोण, न पाहता सही ठोकणारा साहेब कोण, आणि भरल्या सभागृहात ते छातीठोकपणे सांगणारे मंत्री कोण? ह्यांतल्या कोणाला झोप लागली नाही असं काही माझ्या कानावर आलं नाही. झोप उडाली ती एका म्हातारीची.

ताराचंदजींना आम्ही हे जाऊन सांगितलं. ते इकडे-तिकडे बघून म्हणाले, "काकू, हे बाहेर बोलू नका. उलट तुम्हीच शासनाची दिशाभूल केली असं निघेल. विषय संपला समजा."

विषय संपला! बाई दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसल्या. तिसऱ्या दिवशीही. पुढं रोजच जायला लागल्या. भांडण नाही, घोषणा नाही, फक्त येणारा-जाणारा विचारायचा आणि त्या माठाची गोष्ट पहिल्यापासून सांगायच्या. हिवाळी अधिवेशन आमच्या नागपुरातच भरतं. त्या दिवसांत रस्ते काळेभोर होतात, दुभाजकांना रंग लागतो, आणि ही पायरीवरची बाई कोणाच्या तरी कॅमेऱ्यात येईल ही धास्ती आमदारांना वाटली असावी. त्यांनी प्रश्न पुन्हा टाकला.

दिवाळीनंतर चंद्रभान परत आला. त्याच ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "काकू, पाणी द्या न."

"देतो. आंधी ऊठ."

बाईंनी दोर आणून रहाटाला लावला. बादली त्याच्याकडूनच काढून घेतली. ती वर आली तसं त्यानं तोंड फिरवून नाकाला दुपट्टा लावला. बाटली त्यानंच भरली, त्यानंच बंद केली. त्याचे हात धुऊन झाल्यावर मग बाईंनी त्याला माठातलं पाणी दिलं आणि जेवला काय म्हणून विचारलं. मान खाली घालून तो म्हणाला, "सायबानं म्हटलं होतं, बाटली आन म्हनून. कुठून आनाची, थे नाही सांगितलं, काकू."

डिसेंबरात उत्तर आलं ते घेऊन ताराचंदजी स्वतः हजर. सोबत दोन-चार माणसं, एकाच्या हातात फोन सरसावलेला, आणि संत्रा बर्फीचा डबा. "काकू, अभिनंदन! सरकारला कबूल करायला लावलं!" म्हणत त्यांनी कागद वाचला. "हे अंशतः खरे आहे. उचित कार्यवाही शासनाच्या विचाराधीन आहे." मग स्वतःच बर्फीचा मोठा तुकडा तोंडात टाकून म्हणाले, "अंशतः! सरकारकडून एवढं काढायलाही रक्त आटवावं लागतं."

"अंशतः म्हंजे काय गा भाऊ?" बाईंनी मला विचारलं.

"थोडंसं खरं," मी म्हणालो. ते शब्द उच्चारायचीसुद्धा मला लाज वाटली.

"खुशे, इकडं ये वं." खुशी आली. बाईंनी तिची हनुवटी धरली आणि तिचा चेहरा आमदारांकडे वळवला. "सायेब, मंग एक सांगा. हिचा कोनता डोळा पिवळा झाला होता? डावा का उजवा?"

फोन धरलेल्या माणसानं हात खाली घेतला. ताराचंदजींच्या घशात बर्फी अडकली, ते खोकायला लागले, आणि खोकता खोकता माठाकडे बोट करून म्हणाले, "काकू, जरा... पाणी..."

मी सवयीनं बाईंकडे पाहिलं. त्या उठल्या नाहीत. नातीची हनुवटी त्यांच्या हातात तशीच होती.

"विहीर घरामागं हाय," त्या म्हणाल्या. "दोर लावलेलाच हाय."

आमदार खोकत खोकत गाडीत जाऊन बसले. बर्फीचा डबा ओट्यावरच राहिला.