केरनला कोण जातं

राजाबाई पासपोर्ट काढतेय हे कळल्यावर कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतल्या त्यांच्या ओळीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. दुबईला जाणारे लोक शेजाऱ्यांनी पाहिले होते. एकीचा दीर मस्कतला होता. पण एरिट्रिया हे नाव कुणी ऐकलं नव्हतं. बोनकोड्याहून मासळी घेऊन येणाऱ्या सखूनं पाटी उतरवता उतरवता विचारलं, "अगो बाय, तिथं हाय तरी काय?"

"माझा बाप हाय," राजाबाई म्हणाली.

सखू हसायला लागली होती, ती थांबली. तिला वाटलं होतं, राजाबाईचा बाप म्हणजे ओट्यावर खोकत बसलेले आबा.

दोन्ही खरं होतं. जन्म देणारा बाप मानसिंग. कोरेगावकडचा, मराठा पलटणीतला शिपाई. एक्केचाळीस सालच्या मार्च महिन्यात, आफ्रिकेत, एरिट्रियातल्या केरन गावापाशी, इटालियन फौजेशी लढताना डोंगरावर मारला गेला. राजाबाई तेव्हा चार महिन्यांची होती. त्यानं तिला पाहिलं नव्हतं आणि त्याचा फोटोही कुठे नव्हता.

दुसरा बाप ज्योतिबा, म्हणजेच आबा. मानसिंगच्याच गावचा, त्याच पलटणीतला, शेजारच्या आळीतला. दोन वर्षांनी तो रजेवर आला आणि मानसिंगच्या घरी गेला. राजाबाईची आई काशी एकोणीस वर्षांची. नवरा गेल्याचा सरकारी कागद तर आधीच आला होता. तिनं एकच गोष्ट विचारली, "अग्नी मिळाला का?"

"मी दिला," ज्योतिबा म्हणाला. "माझ्या हातानं दिला."

म्हातारा सासरा उठून त्याच्या गळ्यात पडला. ज्यानं अग्नी दिला तो माझा पोरगाच, असं त्यानं सगळ्या आळीसमोर सांगितलं. लढाई संपून ज्योतिबा कायमचा परत आला, तेव्हा त्या सासऱ्यानंच पुढे होऊन काशीचा त्याच्याशी पाट लावून दिला. भावकीत तोंडं वाकडी झाली, दोन घरं लग्नाकार्याला बोलवेनाशी झाली. पण म्हाताऱ्याचं उत्तर ठरलेलं होतं. पोराच्या जागी उभा राहिला, आता घराच्या जागी उभा राहू दे.

ज्योतिबा उभा राहिला. मशीद बंदरला पोती वाहिली. राजाबाईला चौथीपर्यंत शिकवलं, लग्न करून दिलं, जावयाला, कृष्णातला, आपल्या हमालांच्या टोळीत घेतलं. मार्केट मुंबईतून इकडे आलं तसे सगळे इकडे आले. काशी एकोणनव्वद साली गेली. आबांना तिच्यापासून मूल झालं नाही. आता, सत्त्याण्णव साली, ते एकोणऐंशीचे होते, दम्यानं वाकलेले, आणि लेकीजवळ राहत होते. राजाबाईनं त्यांना कधी सावत्र म्हटलं नव्हतं.

जायचं निघालं ते सुनयनामुळे. राजाबाईची ही एकुलती मुलगी. जावई इंद्रजित दोन वर्षांपूर्वी शिक्षकाची नोकरी धरून एरिट्रियाच्या राजधानीत, अस्माऱ्याला गेला, पाठोपाठ ती पोरांना घेऊन गेली. तिनं कळवलं, "आई, केरन आमच्यापासून बसनं तीन तास आहे. इथं फिरायला म्हणून कुणी येत नाही, तू तरी ये. तिकीट आम्ही काढतो."

वाशीच्या एजंटनं फॉर्म भरताना विचारलं, "वडिलांचं नाव?"

"दोन हायत."

"मावशी, रकाना एकच आहे."

शाळेच्या दाखल्यावर ज्योतिबा होता, तोच लिहिला गेला. घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा आबा उठून ओट्यावर गेले.

तिच्या जाण्याच्या गोष्टीत ते पहिल्यापासूनच पडत नव्हते. कृष्णात तेवढा रोज संध्याकाळी मार्केटमधून आला की सुरू व्हायचा. "मानसिंगरावांची लेक निघाली आफ्रिकेला. नकाशात बघितलं मी, बोट ठेवलं तर अख्खा देश बोटाखाली गेला."

"तुमचं बोट हाय का खांब," राजाबाई म्हणायची.

"जा, जा. येताना एखादा सिंह आण. टोळीत एक माणूस कमी हाय."

आबा हसायचे नाहीत. एक दिवस म्हणाले, "तिथं पाणी न्हाय. केरनला कोण जातं? आमी बी हुकूम झाला म्हणून गेलो."

"आबा, तुमी अग्नी दिला ती जागा सांगा. मी तिथं नारळ ठेवीन, घास ठेवीन. आईनं कधी पान वाढलं न्हाय त्याचं, तुमाला वाईट वाटंल म्हणून."

आबांनी बोटानं ओट्यावर रेघ ओढली. मग म्हणाले, "वढ्याच्या काठाला. तीन मोठी दगडं हायत. खालनं रेल्वेचा रूळ दिसतो."

राजाबाईनं ते सगळं स्वतःच्या अक्षरात सुनयनाला लिहिलं. ओढा, दगड, रूळ, आणि मानसिंगचं पूर्ण नाव. आपण जाईपर्यंत पोरीनं जागा शोधून ठेवावी, एवढाच हेतू होता. तिथं टाकायला गावाहून मानसिंगच्या शेतातली माती मागवली, ती एका डब्यात भरली. डब्याला चिकटपट्टी लावली.

सुनयनाचं उत्तर ऑगस्टमध्ये आलं. दुपारी पोस्टमन आला तेव्हा राजाबाई तांदूळ निवडत होती. तिनं ताट बाजूला ठेवलं आणि बोट फिरवत पत्र वाचलं.

केरनला लढाईतल्या माणसांचं स्मशान आहे, सुनयनानं लिहिलं होतं. गोऱ्यांची थडगी आहेत. आपल्या लोकांना दहन दिलं, म्हणून त्यांची नावं दगडावर कोरली आहेत. इंद्रजितनं आणि मी सगळी नावं दोनदा वाचली. आजोबांचं नाव नाही. तिथल्या राखणदारानं नावांची वही आणून दाखवली, तिच्यातही नाही. मग इंद्रजितनं ही थडगी सांभाळणाऱ्या कचेरीला पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं. आजोबांचं नाव सुदानमध्ये खार्टूमला आहे. ज्यांचं शरीर सापडलं नाही अशा लोकांच्या यादीत. आई, आबांचा काहीतरी घोटाळा होतोय का?

राजाबाईनं पत्र परत एकदा वाचलं. मग ती ओट्यावर गेली. आबा भिंतीला टेकून बसले होते. समोरच्या घरी कुणी नव्हतं.

"आबा, सुनयनाचं पत्र आलंय. तिथं त्याचं नाव न्हाय. मिळालाच न्हाय म्हणतात त्यो."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. ते 'काय' असंही म्हणाले नाहीत. त्यावरून तिला कळलं.

"अग्नी दिला न्हाय तुमी."

"न्हाय."

"मग आईला का सांगितलंत?"

"तिनं इचारलं." आबा दम घेत म्हणाले, "तिची सासू हुती, सासरा हुता, तू मांडीवर. सगळी माझ्या तोंडाकडं बघत हुती. न्हाय म्हणाया तोंड उघडलं, आन् दिला म्हणालो. माझी काय पाट लावायची बुद्धी नव्हती तवा. सांगून गप घरला जाणार हुतो."

"आन् मग?"

"मग त्यो म्हातारा गळ्यात पडला."

राजाबाई उभीच होती. आतून कुठेतरी तिला माहीत होतं की अजून एक प्रश्न आहे, आणि तो विचारला नाही तर बरं होईल. तिनं विचारला.

"मेला हुता का त्यो, तुमी सोडला तवा?"

आबा गुडघ्यावरून हात फिरवत राहिले. "मांडीत लागली हुती. उजाडाया आलं, वरनं गोळ्या सुरू झाल्या. हुकूम झाला, खाली या. दोघांनी धरला असता तर आला असता. माझ्यासंगं दुसरा कोण नव्हता."

"पाणी तरी दिलं का?"

"बाटली माझ्यापाशी हुती, तशीच माझ्यासंगं खाली आली," आबा म्हणाले. मग त्यांना खोकल्याची उबळ आली आणि सवयीनं राजाबाई आत जाऊन त्यांचा दम्याचा पंप घेऊन आली. त्यांच्या तोंडाला लावून दाबला.

कृष्णातला तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यानं मुंडासं सोडलं, तोंड धुतलं, आणि पहिल्यांदाच थट्टा केली नाही.

"आता तर जायलाच पायजे तुला," तो म्हणाला. "बाप तसाच पडला ना तिथं."

"आबांकडं कोण बघंल?"

"मी हाय की."

"तुमी पाचला जाता, सहाला येता. तेरा तास."

"शेजारी हायत. सखू दुपारी येऊन बघंल. म्हयन्याचा तर प्रश्न हाय. आन् ज्यानं असं केलं त्याची एवढी काळजी?"

काळजी हा शब्द बरोबर नव्हता. त्या आठवड्यात आबांना ताट वाढताना तिचा हात आखडायचा. त्यांचं धोतर पिळताना ती जरुरीपेक्षा जास्त जोरात पिळायची. आबांनीही ते ओळखलं होतं. ते अर्धीच भाकरी खायचे आणि ताट स्वतः मोरीत नेऊन ठेवायचे, जे त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. एकदा म्हणाले, "पोरी, तू जा. मी काय म्हयन्यात मरत न्हाय."

पण मेले तर? बंद खोलीत, दुपारी, पंप हाताला न लागता? तिला ते दिसायचं, आणि त्याच वेळी डोंगरावरचा तो चोवीस वर्षांचा मुलगाही दिसायचा. बापाचा चेहरा माहीत नसल्यामुळे त्या मुलाला आबांचाच चेहरा लागायचा. आपण गेलो, आणि इथे हा माणूस तसाच पडला, तर आपण तिथे दगडासमोर उभं राहून काय सांगणार? तिनं आबांना माफ केलं नव्हतं. करावं असंही तिला वाटत नव्हतं. पण सोडून जाणं तिच्याच्यानं होईना. कृष्णातला हे समजावता आलं नसतं. तिनं प्रयत्नही केला नाही.

रविवारी ती सेक्टरमधल्या फोनच्या दुकानात गेली. अस्माऱ्याचा फोन लागायला वीस मिनिटं गेली.

"आई, तारीख सांग ना. इंद्रजित उद्या तिकिटाचं बघायला जातोय."

"न्हाय येत मी."

पलीकडे खरखर झाली. "का? पत्रामुळे का? अगं, केरनला नाव नसेल, पण डोंगर तर आहे. आपण डोंगरावर जाऊ. आणि मलाही... आई, दोन वर्षं माहेरचं कुणी पाहिलं नाही मी."

"आबांना सोडून येता येत न्हाय."

"आबा काय म्हणाले? घोटाळा होता ना?"

दुकानदाराच्या यंत्रावर लाल आकडे पळत होते. "म्हातारपण हाय," राजाबाई म्हणाली. "त्यांला काय आठवत न्हाय आता. तू इचारू नको."

"मग पुढच्या वर्षी?"

"बघू."

पुढच्या वर्षी, मे महिन्यात, एरिट्रिया आणि इथिओपियाची सरहद्दीवर लढाई जुंपली. जूनमध्ये अस्माऱ्याच्या विमानतळाजवळ बॉम्ब पडले. सुनयना, इंद्रजित आणि दोन्ही पोरं चार बॅगा घेऊन परत आली, आणि इंद्रजितला दुसरी नोकरी मिळेपर्यंत त्या एका खोलीत आठ महिने राहिली. पासपोर्ट पत्र्याच्या पेटीत कागदांखाली गेला. केरनचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. आबा मेले नाहीत. राजाबाई वेळेवर औषध द्यायची, वेळेवर जेवण द्यायची. बोलणं त्यापुरतंच.

सुनयना तिथं असतानाच, एका सकाळी राजाबाई आत पंपाच्या स्टोव्हवर आंघोळीचं पाणी तापवत होती. स्टोव्हच्या भरभर आवाजातून तिला बाहेर आबांचा आवाज आल्यासारखं वाटलं. तिनं डोकावलं. ते सुनयनाकडे वाकून बसले होते.

"तू गेलतीस ना तिकडं," ते विचारत होते. "झाडं हायत का आता डोंगरावर?"

"आहेत की. निवडुंग आहे सगळीकडे. गुरं चरतात."

"तवा एक झाड नव्हतं," आबा म्हणाले. "सावली म्हणून नव्हती कुठं. त्येला मी एका दगडाच्या..."

स्टोव्हच्या आवाजात पुढचं ऐकू येईना. पाणी अजून कोमट होतं. राजाबाईनं स्टोव्हची हवा सोडली आणि ती दाराशी येऊन उभी राहिली.