मेट्रनबाईंनी जंगल झाडलं

मेट्रनबाई निवृत्त झाल्या तेव्हा हॉस्पिटलला किती आनंद झाला होता, ते निरोपाच्या भाषणांवरूनच कळत होतं. घरी मात्र कुणी भाषण केलं नाही.

सगळा जन्म त्यांनी वॉर्ड सांभाळण्यात घालवला होता. चादरीला एक सुरकुती दिसली की त्यांच्या कपाळाला चार पडायच्या. डॉक्टरसुद्धा बूट पुसून आत येत. एक बडे सर्जन एकदा खिडकीत चहाचा कप विसरले, तर बाईंनी भर राउंडमध्ये, शिकाऊ डॉक्टरांच्या घोळक्यासमोर तो उष्टा कप त्यांच्या हातात नेऊन दिला होता. हा सगळा दरारा आता तीन खोल्यांच्या घरात येऊन पडला. यजमान पेपरचं आतलं पान वाचत असत, तोवर पहिलं पान घडी होऊन रद्दीत गेलेलं असे. मुलगा चहाचा शेवटचा घोट चवीनं राखून ठेवायचा, तो कपासकट मोरीत जायचा. शेवटी एके सकाळी यजमानांनी सुनेला स्वयंपाकघरात गाठलं आणि दार लोटून घेतलं.

"सूनबाई, तुझ्या त्या केंद्रावर काही काम असेल तर हिला घेऊन जा गं."

"बाबा, तिथे चिखल असतो. किडे असतात."

"असू देत की. ते आपलं बघून घेतील."

सून गावाबाहेर तळ्याकाठी निसर्ग शिक्षण केंद्र चालवायची. शाळांच्या सहली यायच्या. पोरांना झाडाझुडपांतून हिंडवायचं, पाखरं ओळखायला शिकवायचं, जमिनीवर पालथं पाडून भिंगातून माती बघायला लावायचं, असलं ते काम. पानगळीचे दिवस म्हणजे तिथला ऐन हंगाम. पानं पिवळी-तांबडी होऊन गळायला लागायची, तळ्यावर लांबून पाहुणी बदकं उतरायची, ओंडक्यांवर अळंबी उगवायची आणि रोज एखादी तरी बस दारात येऊन थांबायची. नेमकी त्याच वेळी दारात बसणारी कारकूनबाई बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. सून अडली होती, म्हणून हो म्हणाली. पण आधी अट घातली.

"आई, फोन घ्यायचे आणि मुलांच्या पिशव्या सांभाळायच्या. बाकी कशालाही हात लावायचा नाही."

"मी कशाला लावतेय हात," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि निघताना पिशवीत दोन फडकी आणि फिनेलची बाटली घातली.

पहिल्याच दिवशी दाराच्या कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळं त्यांच्या डोळ्यांत खुपलं. त्यांनी झटकणी उगारली तेवढ्यात सुनेनं मनगट धरलं.

"आई, थांबा! ती अंडी घालायला आलीय."

मेट्रनबाईंचा हात वरच राहिला. दिवस भरलेल्या बाईला त्यांनी उभ्या नोकरीत कधी खाटेवरून हलवलं नव्हतं. झटकणी खाली आली. "मग आधी सांगायचं नाही का," एवढंच म्हणून त्या खुर्चीत बसल्या.

दारात एक फळा होता. वर 'केंद्राच्या बातम्या' असं रंगवलेलं, आणि खाली काय काय दिसलं ते खडूनं लिहायचं. सुनेला वेळ मिळत नसल्यामुळे तिथे उन्हाळ्यातलं एक फुलपाखरू अजून ताजी बातमी म्हणून मिरवत होतं. शिळा रिपोर्ट मेट्रनबाईंना खपत नसे. दुसऱ्या दिवशी माळीदादा कामावर आले तोच त्यांनी विचारलं, "रात्रीचा रिपोर्ट काय?"

माळीदादा केंद्रावरच मागच्या खोलीत राहायचे. साधा माणूस. त्यांनी खरं ते सांगून टाकलं. "बरी झोप लागली, बाई."

"तुमचा नाही. तळ्याचा."

आणि मग फळ्यावर टपोऱ्या अक्षरांत बातम्या उमटू लागल्या. 'काल संध्याकाळी बदके दाखल. प्रवासाचा शीण आहे, बाकी प्रकृती उत्तम. भूक चांगली.' 'दारातील कोळीण : अंडी घातली. तब्येत ठीक. भेटायला येणाऱ्यांनी बोट लावू नये.' 'कुंपणाजवळचे मोठे झाड : पानगळ सुरू. दरवर्षीचे दुखणे आहे, काळजीचे कारण नाही.'

सुनेनं ते वाचलं आणि तोंडाला रुमाल लावून आत पळाली. पुसावं की ठेवावं, तिचं ठरेना. ते ठरायच्या आत सकाळी फिरायला येणारी मंडळी फळ्यासमोर थांबून वाचायला लागली. एका शाळेच्या बाईंचा तर फोन आला, आमच्या वर्गातली मुलं विचारतायत, कोळीण आता कशी आहे? मेट्रनबाईंनी गंभीरपणे सांगितलं, "आराम करतेय. उद्या परत विचारा."

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. घोळ झाला तो पानगळीच्या मेळाव्याच्या आदल्या दिवशी.

हा मेळावा म्हणजे केंद्राचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. शाळेची मुलं, आईबाप, शिक्षण खात्याचे साहेब, सगळे यायचे होते. जंगलातल्या पायवाटेनं सगळ्यांना न्यायचं, पाचोळा उचलून त्याखालची दुनिया दाखवायची, हा मुख्य कार्यक्रम. फलक आणि खुर्च्यांच्या भानगडीसाठी सून सकाळीच शहरात गेली. मेट्रनबाई चिखलापायी आजवर व्हरांडा सोडून पुढे गेल्या नव्हत्या. पण उद्या लोक येणार म्हटल्यावर एकदा सगळीकडे नजर टाकलेली बरी, असं वाटून त्या पायवाटेनं निघाल्या. दहा पावलांतच जागच्या जागी उभ्या राहिल्या. वाटेवर, झाडांच्या बुंध्यांशी, झुडपांखाली, जिकडे बघावं तिकडे घोटाभर पाचोळा.

"माळीदादा! हे किती दिवस झाडलं नाही?"

"कधीच नाही, बाई."

"कधीच?"

तो शब्द त्यांनी असा उच्चारला की माळीदादांचा हात आपोआप डोक्यावरच्या टोपीकडे गेला.

"मॅडमनी सांगून ठेवलंय..."

"मॅडम माझी सून आहे."

"हो, पण त्या म्हणतात..."

"झाडू कुठे आहे?"

माळीदादांनी झाडू दाखवला. पुढे ते सांगत, की बाईंनी मागितलं असतं तर मी किल्ल्यासुद्धा दिल्या असत्या.

मग मेट्रनबाईंनी पदर खोचला. घरातली तीन खोल्यांची झाडलोट आता त्यांना पुरत नव्हती. कोपरे लवकर संपायचे. इथे संपतच नव्हतं. त्या झाडत गेल्या, माळीदादा पोत्यांत भरत गेले. वळणावर कुजक्या ओंडक्यांचा ढीग लागला.

"हे काय?"

"मुद्दाम ठेवलंय, बाई."

"कुजकं मुद्दाम कोण ठेवतं? उचला."

"मग मी शेकोटीला नेऊ का?" माळीदादांनी विचारलं. वाऱ्यात गारवा आला होता, आणि माणसानं संधी कुठे सोडावी! त्यांनी ओंडके खोलीकडे नेले. दुपार कलली तेव्हा पायवाट हॉस्पिटलच्या कॉरिडॉरसारखी दिसत होती, आणि शेडसमोर तोंडं बांधलेली पोती रांगेनं उभी होती. मेट्रनबाईंना कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

सून परतली, पायवाटेच्या तोंडाशी आली आणि हातातला फलक तिनं हळूच खाली ठेवला.

"आई... तुम्ही जंगल झाडलंत?"

"झाडलं," मेट्रनबाई समाधानानं म्हणाल्या. "पुसायचं राहिलंय."

सून मटकन पायरीवर बसली. ओरडली असती तर मेट्रनबाईंना सोपं गेलं असतं. ओरडण्याची त्यांना सवय होती. पण ती नुसती पोत्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, त्या पाचोळ्यात कोण कोण होतं माहितीय? थंडी येतेय ना. बेडूक, गोगलगायी, भुंगेरे, सगळे त्याच्याखाली शिरून बसलेले असतात. वरनं पानांचं पांघरूण. पार उन्हाळा लागेपर्यंत. त्या ओंडक्यांमध्येसुद्धा तेच. उद्या मी लोकांना तेच दाखवणार होते."

हातातला झाडू मेट्रनबाईंनी भिंतीला टेकवला. तो घसरून पडला, तरी उचलला नाही.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "भरलेला वॉर्ड होता."

"हो, आई."

"आणि मी पांघरुणं ओढून सगळ्यांना बाहेर काढलं."

सासूबाईंचा चेहरा असा उतरलेला सुनेनं कधी पाहिला नव्हता. घरी जाताना दोघी बसमध्ये शेजारी बसल्या. यजमानांनी दार उघडलं, बायकोकडे बघितलं आणि घाबरून विचारलं, "काय झालं? कुणी उलट बोललं का?"

सकाळी सून उठली तेव्हा सासूबाई घरात नव्हत्या. ती केंद्रावर धावत पोचली. मेट्रनबाई शेडसमोर एका पोत्याशी जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या, तेही चिखलात. एकेक मूठ पानं काढायची, बघायची, बाजूला ठेवायची. समोर ओलं फडकं अंथरलेलं, त्यावर गोगलगायी. माळीदादा मान खाली घालून ओंडके परत आणत होते.

"सगळे आले का?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"एक... जळला, बाई. रात्री गार होतं."

मेट्रनबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पण बोलल्या नाहीत. बोलायचा अधिकार आज आपल्याला नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांच्या तळहातावर एक चिरडलेला कोष होता. तो त्यांनी सुनेपुढे धरला.

"हा गेला."

"आई, वाऱ्यापावसातसुद्धा थोडे जातातच."

"वाऱ्यापावसानं गेला असता तर वेगळं. हा माझ्या झाडूनं गेला." त्यांनी तो एका झाडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवला. मग हात झटकले आणि आवाज परत आला. "बघत काय बसलीस? लोक कधी येणार? त्यांना काम आहे."

लोक आले. नेहमीची भाषणं वगैरे काही झालंच नाही. पायवाटेच्या तोंडाशी मेट्रनबाई उभ्या होत्या आणि त्यांनी सगळ्यांच्या दोन रांगा केल्या, पोरांची एक आणि मोठ्यांची एक. काल आपण काय केलं ते त्यांनी मोजक्या शब्दांत सांगून टाकलं. आपलं नाव पुढे, सबब काही नाही. मग म्हणाल्या, "आता सगळ्यांना परत आपापल्या जागी झोपवायचंय. धावायचं नाही, ओरडायचं नाही, आपटायचं नाही."

इतकी शांत सहल त्या केंद्रानं कधी पाहिली नव्हती. पोरं पानांच्या ओंजळी तान्ह्या बाळासारख्या धरून चालली होती. शिक्षण खात्याचे साहेब कडक इस्त्रीच्या कोटात आले आणि उद्घाटनाचं भाषण करायच्या तयारीनं खाकरले, तर मेट्रनबाईंनी पाचोळ्याचा एक भारा त्यांच्या कवेत दिला.

"हे धरा. हळू. आत कुणीतरी आहे."

"आत? कोण आत?"

उत्तर म्हणून पानांतून एक जाडजूड बेडूक उसळला आणि साहेबांच्या बाहीत शिरला. साहेब ज्या सुरात ओरडले तो सूर त्यांच्या हुद्द्याला शोभणारा नव्हता.

"हलू नका!" मेट्रनबाई म्हणाल्या. साहेब हलले नाहीत. सर्जन हलत नसत, तिथे साहेब काय हलणार! बाईंनी बाहीत हात घातला. बेडकाला त्यांनी आजवर कधी हात लावला नव्हता. मनातून त्यांना शिसारी आली होती, पण पेशंटसमोर ती दाखवायची नसते. बेडूक बाहेर आला आणि त्यानं त्यांच्या तळहातावर भरपूर मुतून ठेवलं. सगळी रांग श्वास रोखून बघत होती. मेट्रनबाईंनी तळहाताकडे पाहिलं, बेडकाकडे पाहिलं.

"लघवी व्यवस्थित आहे," त्यांनी जाहीर केलं. "घाबरण्याचं कारण नाही."

पहिल्यांदा सून हसली. मग पोरं, मग आईबाप, आणि शेवटी साहेबसुद्धा, बाही झटकत झटकत. बेडकाला झाडाच्या मुळांत ठेवून वर पानं घालण्याचा मान साहेबांनाच मिळाला. त्यांनी तो गुडघे टेकून पार पाडला आणि कोटाचं जे व्हायचं ते झालं.

पायवाट पूर्वीसारखी झाली असं नाही. कुठे ढीग जास्त पडला, कुठे माती उघडी राहिली. ओंडक्यांची तर उतरंड उलटीसुलटी लागली. पण त्यानंतर वारा सुटला आणि झाडांनी उरलेली पानं आपणहून टाकली. सून म्हणाली, झाकलं जाईल सगळं. मेट्रनबाई तरी रोज सकाळी पायवाटेनं एक फेरी मारायच्या, उघडं दिसेल तिथे दोन मुठी पानं टाकायच्या आणि कुणालाही न उठवता परत यायच्या.

थंडी पुरती पडली तेव्हा कारकूनबाई बाळाला घेऊन कामावर परत आली. सून घाबरतच सासूबाईंपाशी गेली. आता कसं सांगावं? पण मेट्रनबाईंनी खुर्ची आधीच पुसून रिकामी केली होती.

"बस म्हणावं तिला इथे. मला आत काम आहे."

"आत कसलं काम, आई?"

"राउंड."

एका रविवारी यजमान मुद्दाम बघायला आले, की ही बाई दिवसभर तिथे करते तरी काय. बदकं नीट दिसावीत म्हणून त्यांनी वाट सोडून एक पाऊल पाचोळ्यात टाकलं असेल नसेल, तोच मागून आवाज आला, "अहो! तिकडे नाही!"

"अगं, मी आहे."

"दिसतंय मला. नातेवाइकांनी वाटेवरूनच बघायचं."

यजमानांनी पाऊल मागे घेतलं आणि वाटेवर उभे राहून, मान लांब करून, बदकं बघितली.