वेगळं ताट

कंडोम फाटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयात होतो. ओळख नवी होती आणि समोरच्या व्यक्तीने एचआयव्हीची चाचणी कधीच केलेली नव्हती. डॉक्टर बाईंनी सगळं ऐकून घेतलं, रक्त तपासायला पाठवलं आणि महिनाभर न चुकता घ्यायच्या गोळ्या सुरू केल्या. लगेच आलात हे चांगलं केलंत, असं त्या हिंदीत म्हणाल्या. गोळ्या संपल्यावर पुन्हा तपासणी, मग काही आठवड्यांनी शेवटची. ती निगेटिव्ह आली की विषय संपला.

तोवरचे दिवस जड गेले. बातमीला दुसरा स्रोत लागतो, ही माझी वर्तमानपत्रातल्या नोकरीतली सवय. मी हेल्पलाइनला फोन करून एका समुपदेशकाला विचारायचो आणि तेच उत्तर दुसऱ्याकडून पडताळून घ्यायचो. सगळे एकच सांगायचे. तेव्हा मला वाटायचं, हे सगळे एकाच प्रेसनोटवरून वाचतायत.

घरी मी माझं ताट आणि पेला वेगळा केला. एचआयव्ही भांड्यांतून पसरत नाही, हे वाक्य मी दर डिसेंबरला एड्स दिनाच्या बातमीत छापत आलो होतो. तरीही केला.

माझा रूममेट लातूरकडचा, यूपीएससीची तयारी करणारा. आमच्याकडे स्टीलचं एक मोठं ताट होतं. गावाहून आलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी तो रविवारी थापायचा आणि आम्ही त्या एकाच ताटात जेवायचो. मी कामाची सबब सांगून ते टाळू लागलो. मग एका रविवारी त्याने भाकरी थापल्या, ताट मधोमध ठेवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "दादा, माझ्या ताटाचा विटाळ होतो का तुला?"

त्याच्या आजोबांना गावातल्या हॉटेलात चहा वेगळ्या कपात मिळायचा आणि तो कप त्यांनाच विसळून ठेवावा लागायचा. हे त्याने मला पूर्वी सांगितलेलं होतं. वेगळ्या पेल्याचा त्याच्या घरी एकच अर्थ होता. मी त्याला सगळं सांगितलं, रुग्णालयापासून गोळ्यांपर्यंत.

तो हसू लागला.

"अच्छा, म्हणजे तू मला वाचवत होतास. आणि मी इकडे दुसरी खोली बघून आलो, यार. उद्या हो म्हणणार होतो." मग म्हणाला, "हा आमच्या जनरल सायन्समधला सगळ्यात सोपा प्रश्न आहे. तू प्रीलिमलाच उडाला असतास."

त्याने भाकरी मोडून अर्धी माझ्या बाजूला सरकवली. मी जेवलो. भूक लागलेली आहे हे मला कितीतरी दिवसांनी कळलं.

पुढे गोळीची आठवण तो करून द्यायचा, शिपायाने साहेबांपुढे फाइल ठेवावी तशा अदबीने. भीती गेली नाही, पण तिची चेष्टा करता येऊ लागली.

शेवटच्या तपासणीला तो बरोबर आला आणि बाकावर नोट्स वाचत बसला. समुपदेशक बाईंनी त्याला आत येऊ द्यायचं का, असं मला विचारलं. मी हो म्हणालो. रिपोर्ट निगेटिव्ह होता. आता पुन्हा यायची गरज नाही, असं बाईंनी सांगितलं. तरी मी विचारलंच, की दुसऱ्या लॅबमध्येही एकदा करून बघू का?

रूममेटने माझ्या हातातला कागद घेतला, सावकाश वाचला आणि परत दिला.

"दुसरा सोर्स मी. बातमी पक्की आहे, दादा. छाप."

बाईंना मराठी कळत नव्हतं, पण त्याही हसल्या.

तिथून आम्ही कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात मिसळ खायला गेलो. वाढप्याने एका मिसळीबरोबर दोन रिकाम्या बशा आणून ठेवल्या. मी त्या परत पाठवल्या आणि एक चमचा जास्तीचा मागितला.