एका ‘अवांतर’पायी

भांडण लागलं की मनोहर कानड्यांना भूक लागत नसे. बँकेच्या संगणक विभागात तीन वर्षांच्या बदलीवर ते कोलकात्याला आले आणि तिथल्याच बेहाला नावाच्या उपनगरात राहून निवृत्त झाले. तेवढ्या काळात त्यांचं एकाही साहेबाशी पटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोची, शकुनताईंची, नजर गेली. दिवाळी अंक होळीपर्यंत पुरवून वाचणारी बाई ती! शेजार सगळा बंगाली. मुलगी आभा इथेच वाढलेली. मराठी बोलते, पण वाचायला बसली की दुसऱ्याच ओळीत अडखळते. वाचून दाखवणार कोण? एकतर मनोहरराव, नाहीतर फोन. आणि फोनमधल्या बाईला ‘ळ’ म्हणता येत नव्हता. डोळ्यांचे ती डोले करी, काळजीची कालजी. शकुनताई वैतागून फोन उशीखाली दाबत.

फोनमधल्या बाईला शिकवायला मनोहररावांनी चार हजार शब्दांच्या उच्चारांची यादी करायला घेतली. निम्मी झाली. उरलेलीला मदत हवी, म्हणून त्यांनी ती ‘तंत्रकट्टा’ या मराठी तंत्रज्ञांच्या ऑनलाइन समूहावर टाकली. वर सवयीनं लिहिलं, ‘थोडं अवांतर’. मराठी माणूस अशा ठिकाणी जे सांगायला तडफडत असतो, त्याच्याच आधी हा शब्द घालतो.

समूह चालवणाऱ्या पुण्याच्या प्रथमेशनं तोच पकडला. ‘इथे फक्त तंत्रज्ञान. भाषाशुद्धीची हौस दुसरीकडे भागवा. अवांतर आहे हे तुम्ही स्वतःच कबूल केलंय. पोस्ट काढली आहे.’

झालं! आगीत तेल पडलं. आंधळ्या माणसाला वाचता येणं हे तंत्रज्ञान नाही, तर मग नव्या फोनच्या रंगावर दीडशे प्रतिसाद कशाला, असं मनोहररावांनी विचारलं. ‘काका, ब्लडप्रेशर सांभाळा,’ असं कुणीतरी लिहिलं. काकांनी त्याची अक्कल काढली. प्रथमेशनं काकांचं वय काढलं. मुद्दा मनोहररावांचाच बरोबर होता, हीच पंचाईत. बरोबर असलेला माणूस थांबत नाही.

पाच दिवस हे चाललं. यादी होती तिथेच राहिली.

सहाव्या दिवशी दुपारी शकुनताई त्यांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. ‘‘अहो, यादी होईपर्यंत तुम्ही वाचून दाखवणार होतात ना? त्या गोष्टीतली सून माहेरी निघाली होती. पाच दिवस झाले, ती दारातच उभी आहे.’’

‘‘वाचतो ना. त्या गाढवाला एवढं एक उत्तर देतो.’’

‘‘कुणासाठी भांडताय हो?’’

‘‘तुझ्यासाठीच!’’ ते ओरडले. बोटं अक्षरांवर चालूच होती.

उत्तर पाठवून, विजयी मुद्रेनं त्यांनी मान वर केली, तेव्हा खुर्ची रिकामी होती. आतल्या खोलीतून फोनमधल्या बाईचा सपाट आवाज येत होता. सून माहेरी चालली होती, आणि तिच्या डोल्यांत पाणी होतं.